पान सापडले पाहिजे
मराठी संशोधनपर पुस्तकातील संदर्भलेखन आणि संहितेची तयारी : एक आढावा

इतिहासावरच्या एका प्रबंधाचे पुस्तक होत असताना त्याची संहिता माझ्याकडे संपादनासाठी आली होती. तिसऱ्या प्रकरणात एक तळटीप होती : 'राजवाडे, मराठ्यांच्या इतिहासाची साधने, पृ. ११२.' दिसायला टीप नीटनेटकी. पण वि. का. राजवाडे यांच्या या साधनांचे बावीस खंड आहेत. पानिपतच्या काळातली पत्रे असलेला पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढचे खंड निरनिराळ्या वेळी छापले गेले. प्रत्येक खंडाचे पृष्ठांक स्वतंत्र. म्हणजे ११२ क्रमांकाचे पान अनेक खंडांत असणार, आणि आपल्याला हवे ते त्यांतले एकच. दोन दिवस खंड चाळूनही ते पत्र हाती लागले नाही. शेवटी लेखकाने जुनी टिपणवही शोधून काढली, तेव्हा खंड कळला. राजवाड्यांनी प्रत्येक कागदाला लेखांक दिलेला आहे. टिपेत खंड आणि लेखांक एवढे दोन आकडे असते, तर हे काम दहा मिनिटांचे होते.

संदर्भ कशासाठी द्यायचा, याचे उत्तर मला त्या दोन दिवसांत मिळाले. वाचकाला नेमक्या त्या पानापर्यंत पोचता यावे, यासाठी. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, वर्ष आधी की प्रकाशक आधी, हे सगळे नियम त्या एका हेतूच्या सेवेत आहेत. लेखक, संपादक, मुद्रितशोधक आणि प्रकाशक या चौघांनी हा हेतू धरून ठेवला, तर मराठी पुस्तकांतले संदर्भ कुठे अडतात आणि ते कसे सुटतील, हे स्पष्ट दिसते.

जगातल्या पद्धती आणि त्यांमागची गरज

संदर्भलेखनाच्या आज रूढ असलेल्या पद्धती त्या त्या विद्याशाखेच्या गरजेतून आल्या. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने आपली नियमावली १९०६ मध्ये पुस्तकरूपाने काढली. २०२४ मध्ये तिची अठरावी आवृत्ती आली. तिची तळटीप-पद्धत इतिहासकारांना जवळची वाटते, कारण त्यांची साधने पत्रे, दफ्तरे, दुर्मीळ ग्रंथ अशी असतात आणि त्यांच्याबद्दल दोन वाक्ये जास्तीची लिहावी लागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची एपीए पद्धत १९२९ मध्ये एका नियतकालिकातल्या सात पानी लेखाने सुरू झाली. तिच्यात लेखकाच्या नावामागोमाग वर्ष येते, कारण त्या शास्त्रात प्रयोग कधीचा आहे याला महत्त्व असते. भाषा-साहित्याच्या अभ्यासकांची एमएलए पद्धत पृष्ठांकावर भर देते, कारण तिथे मूळ संहितेतली ओळ महत्त्वाची. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची १९७८ मध्ये व्हँकुव्हरला बैठक झाली आणि तिच्यातून क्रमांक-पद्धत रुजली. तिथे संदर्भ पुष्कळ आणि जागा कमी असते.

यांपैकी कोणतीही पद्धत निवडली तरी चालते. एकाच पुस्तकात दोन पद्धती मिसळल्या, की वाचक अडखळतो. मराठी प्रबंधांत हे वारंवार दिसते. पहिल्या दोन प्रकरणांत तळटिपा, पुढे कंसात नाव आणि वर्ष, शेवटच्या प्रकरणात नुसते क्रमांक. प्रकरणे वेगवेगळ्या वर्षांत लिहिलेली असतात आणि जोडताना कोणी एकसारखी केलेली नसतात.

आपली परंपरा

संदर्भाची शिस्त मराठी मुलखाला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केले. वि. स. सुकथनकर यांनी घालून दिलेल्या शिस्तीत प्रत्येक हस्तलिखिताला एक खूण आहे आणि प्रत्येक पाठभेद पानाखाली नोंदलेला आहे. संपादकाने कोणता शब्द का स्वीकारला, हे कोणालाही तपासून पाहता येते. शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'त १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची नोंद केली आणि पुढच्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. मुखपृष्ठ गळालेल्या, साल नसलेल्या जुन्या पुस्तकाचा पत्ता लावायचा तर आजही अभ्यासक आधी दात्यांची सूची उघडतो. स. गं. मालशे यांनी 'शोधनिबंधाची लेखनपद्धती' लिहून विद्यार्थ्यांच्या हाती या विषयाचे स्वतंत्र पुस्तक दिले.

तरीही एक उणीव राहिली आहे. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत : १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये चार, असे एकूण अठरा. त्यांच्याबद्दल वाद आहेत, पण वाद घालायला समोर एक लिखित पाया आहे. संदर्भलेखनाला असा सर्वमान्य मराठी पाया नाही. म्हणून प्रत्येक विद्यापीठ, प्रत्येक मार्गदर्शक आणि प्रत्येक प्रकाशक आपापली रीत चालवतो. इंग्रजी नियमावली आहे तशी उचलली, की ती आपल्या नावांशी, सनांशी आणि लिपीशी अडते. ही अडचण कुठे कुठे येते, ते पाहू.

नावे

इंग्रजी पद्धत आडनाव आधी मागते. 'राजवाडे, वि. का.' हे आपल्याकडेही सोपे जाते. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई यांची नोंद नावानेच होते. टोपणनावांचा प्रश्न मोठा. 'कळ्यांचे निःश्वास' हे १९३३ चे पुस्तक विभावरी शिरूरकर या नावाने आले. याच लेखिका बाळूताई खरे आणि मालती बेडेकर. सूचीत तीन ठिकाणी तीन नावे पडली, तर तरुण वाचकाला त्या तीन बायका वाटतील. शीर्षकपानावर जे नाव छापले आहे ते घ्यावे, पुढे चौकटी कंसात दुसरे नाव एकदा द्यावे आणि दुसऱ्या नावाच्या जागी 'पाहा' म्हणून वाचकाला वळवावे.

'डॉ.', 'प्रा.', 'ह. भ. प.' या उपाध्या सूचीतून काढाव्यात. आदर ऋणनिर्देशात व्यक्त करता येतो, सूचीत त्यामुळे अकारविल्हे क्रम बिघडतो.

सन आणि आवृत्ती

जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेले असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तेव्हा 'शके १८२० (इ. स. १८९८–९९)' असे लिहावे. मूळ शके खोडून नुसते १८९८ लिहिले, तर आपण वाचकाला अंदाज खात्रीचा म्हणून देतो. पेशवेकालीन कागदांत अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन असतो. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. तो जसाच्या तसा द्यावा आणि जंत्री पाहून काढलेली तारीख कंसात द्यावी.

आवृत्तीचा घोळ त्याहून मोठा. ज्ञानेश्वरीचा संदर्भ अध्याय आणि ओवीने देतात. पण राजवाड्यांनी संपादित केलेल्या प्रतीत ओव्या नऊ हजारांहून कमी आहेत आणि प्रचलित प्रतींत त्या नऊ हजारांवर जातात. त्यामुळे एकाच क्रमांकाला दोन प्रतींत दोन वेगळ्या ओव्या सापडू शकतात. तुकोबांच्या गाथेतही अभंगाचा क्रमांक प्रतीनुसार बदलतो. सूचीत आपली प्रत कोणती, हे सांगितलेच पाहिजे. महात्मा फुले यांचे 'समग्र वाङ्मय' राज्य शासनाने १९६९ मध्ये काढले आणि पुढे त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या. 'गुलामगिरी' १८७३ ची. इथे नुसते 'फुले, १९६९' लिहिले, तर एकोणिसाव्या शतकातला विचार विसाव्या शतकाच्या खात्यावर जमा होतो. 'फुले १८७३ (१९६९)' अशी दोन सालांची नोंद मूळ काळ आणि आपली प्रत, दोन्ही सांभाळते.

आणखी एक सावधगिरी. मराठीत पुनर्मुद्रणालाही पुष्कळदा 'आवृत्ती' म्हणतात. 'पाचवी आवृत्ती' म्हटले म्हणजे मजकूर बदललाच असे नाही, आणि बदलला नसेलच असेही नाही. म्हणून आवृत्तीच्या क्रमांकाबरोबर साल हवेच.

लिपीच्या अडचणी

इंग्रजीत पुस्तकाचे नाव तिरप्या अक्षरांत आणि लेखाचे नाव अवतरणचिन्हांत देतात. देवनागरीला तिरप्या अक्षरांची जुनी परंपरा नाही. संगणकाने अक्षर नुसते कलते करून दिले, की वेलांट्या आणि मात्रा वाचायला त्रास होतो. म्हणून मराठीत पुस्तक एकेरी अवतरणात आणि लेख दुहेरी अवतरणात, किंवा पुस्तक ठळक अक्षरांत, असा काही फरक आधी ठरवावा लागतो. तो नसेल तर 'संदर्भ' हे पुस्तक आहे, लेख आहे की नियतकालिक, हे वाचकाला कळत नाही.

इंग्रजी ग्रंथ सूचीत रोमन लिपीतच ठेवावेत, कारण ग्रंथालयाच्या तालिकेत ते तसेच सापडतात. मराठी आणि इंग्रजी याद्या वेगळ्या केल्या, की क्रमाचा गोंधळ टळतो. मराठी यादीचा क्रम संगणकावर सोडून देऊ नये. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हे अक्षर 'ल'नंतर लगेच येते, मराठी वर्णमालेत ते 'ह'नंतर येते. क्ष, ज्ञ आणि अनुस्वार यांची जागा कुठे, हेही संपादकानेच ठरवायचे असते.

'तत्रैव' (म्हणजे 'त्याच ठिकाणी') आणि 'उ. नि.' (म्हणजे 'वर निर्देशिलेले') या संक्षेपांबद्दल माझे मत ठाम आहे. संहितेत ते वापरू नयेत. मध्ये एक नवी टीप घातली, एक परिच्छेद मागेपुढे केला, की 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. लेखकाचे आडनाव, पुस्तकाचे आखूड नाव आणि पृष्ठांक एवढे प्रत्येक वेळी लिहिले तर कोणतीही टीप कुठेही हलवता येते. शिकागोच्या नियमावलीनेही २०१७ च्या सतराव्या आवृत्तीपासून याच आखूड नोंदीला पसंती दिली आहे.

ग्रंथालयाबाहेरची साधने

पुण्याच्या पुराभिलेखागारातला कागद उद्धृत करायचा तर पुस्तकाचे साचे उपयोगी पडत नाहीत. तिथे दफ्तर, रुमाल, पुडके आणि कागद अशी उतरंड आहे. ती पूर्ण उतरवून घेतली नाही, तर तो कागद पुन्हा हाती लागणे नशिबावर राहते. वाचनालयात बसलेल्या क्षणीच, पहिले वाक्य टिपून घेण्याआधी, हे क्रमांक वहीत उतरवावेत.

मौखिक साधनांना याहून अधिक जपावे लागते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाच्या घरात ओव्या जमवल्या गेल्या आणि त्यांचा संग्रह आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने खुला केला आहे. त्यात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. 'पारंपरिक ओवी' एवढेच लिहून आपण ती बाई पुसून टाकतो. छापील कवीला जो मान मिळतो, तोच तिला संदर्भातून मिळाला पाहिजे.

संकेतस्थळावरच्या मजकुराला पत्त्याबरोबर पाहिल्याची तारीख द्यावी, कारण तो मजकूर उद्या बदलेल किंवा नाहीसा होईल. आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेले अवतरण मूळ ग्रंथ पाहिल्यासारखे दाखवू नये. 'अमुक, तमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असे लिहिण्यात कमीपणा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि साठ टक्क्यांवर संशोधकाची नोंदणी रद्द होते. पण टक्केवारी मोजणारे यंत्र न पाहिलेल्या ग्रंथाचा संदर्भ पकडू शकत नाही. तो प्रामाणिकपणा लेखकाचाच.

संहिता प्रकाशकाकडे जाते तेव्हा

पहिली अडचण अक्षराची येते. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी टंकांत संगणक अक्षराऐवजी त्या टंकापुरती एक जागा साठवून ठेवत असे. तो टंक दुसऱ्या यंत्रावर नसेल, तर पानभर अर्थहीन चिन्हे उमटतात. अशा जुन्या धारिकेचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि अर्धा र हमखास जागा सोडतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. 'आचार्यांना' गुरूंना, आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाक करणाऱ्यांना. रूपांतरानंतर असे शब्द डोळ्यांनीच तपासावे लागतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधीच्या मजकुरात 'अ' आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हे असतात. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी आहेत, म्हणून एक शोधले की दुसरे सापडत नाही आणि सूचीत अर्धे उल्लेख गळतात.

बाकीची तयारी साधी आहे, पण ती वेळेवर व्हावी लागते. टिपांचे क्रमांक हाताने न घालता संगणकाच्या टीप-सोयीनेच घालावेत. शीर्षके एकाच पद्धतीने खुणावलेली असावीत. चित्रे मजकुरात न डकवता वेगळी, छपाईला पुरेशा सुस्पष्टतेची द्यावीत. शब्दांची रूपे एकसारखी ठेवण्यासाठी अरुण फडके किंवा यास्मिन शेख यांचा लेखनकोश शेजारी असावा. धारिकेबरोबर एक पीडीएफ द्यावी, म्हणजे अक्षर कुठे तुटले तर मूळ काय होते ते कळते. जुळणी करणाऱ्याने इनडिझाइनमध्ये देवनागरीसाठी 'वर्ल्ड-रेडी' रचना निवडली आहे का, हेही विचारावे. नाहीतर जोडाक्षरे सुटी होतात.

अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, प्रस्तावना, मनोगत, प्रकरणे, परिशिष्टे, संदर्भसूची आणि शेवटी नामसूची, असा क्रम लेखकानेच लावून द्यावा. नामसूचीचे पृष्ठांक मात्र अखेरच्या प्रुफानंतरच भरावेत. छपाई सोळा पानांच्या फर्म्याने होते. शेवटच्या क्षणी लेखकाने वाढवलेला एक परिच्छेद पुढची पाने ढकलतो, नामसूची चुकवतो आणि कधी कधी फर्मा वाढवतो. बदल करायचे ते पहिल्या प्रुफात.

संदर्भ दिला म्हणजे परवानगी मिळाली नाही

हा गैरसमज फार खोल आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो आणि ती साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तके २०११ पासून मोकळी आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त प्रमाणात अवतरण घेण्याची मुभा कायदा देतो, पण 'इतके शब्द चालतात' असा आकडा त्यात नाही. दोन ओळींवर चर्चा करायची तर दोन ओळी घ्याव्यात. संपूर्ण कविता, छायाचित्र किंवा नकाशा छापायचा असेल, तर लेखी परवानगी संहितेबरोबरच द्यावी. पुस्तक छापून झाल्यावर परवानगी मागणे सगळ्यांनाच महागात पडते.

साधने आणि त्यांची मर्यादा

झोटेरो हे मोफत साधन २००६ पासून उपलब्ध आहे. हजारो नोंदी एकदा भरल्या, की पद्धत बदलली तरी यादी क्षणात नव्याने तयार होते. पीएच.डी. सुरू करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच महिन्यात ते शिकावे, असे मी आग्रहाने सांगते. पण त्याचे साचे इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत. 'संपा.', 'अनु.', 'व इतर' यांच्या जागी इंग्रजी शब्द येतात आणि शकाचे साल त्याला समजत नाही. अखेरची यादी हाताने पाहावीच लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून संदर्भ मागण्याची सवय आता वाढते आहे, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ती यंत्रे खऱ्या लेखकाच्या नावावर नसलेले पुस्तक, नसलेले साल आणि नसलेले पान सहज रचून देतात. असा संदर्भ पाहायला अगदी व्यवस्थित असतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. जे पान आपण स्वतः उघडलेले नाही, ते आपल्या टिपेत येता कामा नये.

दोन पानांचे शैलीपत्र

सर्वमान्य मराठी नियमावली व्हावी, असे मला मनापासून वाटते. विद्यापीठांचे मराठी विभाग, इतिहासाचे विभाग, संशोधन संस्था आणि प्रकाशक एकत्र बसले, तर ते अवघड नाही. तोवर प्रत्येक पुस्तकाला दोन पानांचे शैलीपत्र पुरते. लेखक आणि संपादक यांनी लेखन सुरू होतानाच ते ठरवावे. तळटिपा की लेखक-वर्ष. पुस्तक आणि लेख यांची खूण. आकडे देवनागरी की रोमन. शके आणि सुहूर कसे लिहायचे. टोपणनावे कशी. संतसाहित्याची प्रत कोणती. दफ्तराची उतरंड कशी. अकारविल्ह्यात अनुस्वार कुठे. संक्षेपांची यादी. आणि शेवटची ओळ : प्रत्येक संदर्भ कोणत्या तारखेला, कोणत्या ग्रंथालयात, प्रत समोर ठेवून तपासला.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांत जाते. म्हणजे पुस्तक आपल्यानंतरही राहणार आहे आणि त्यातली टीप कोणीतरी उघडून पाहणार आहे. तो वाचक कदाचित तालुक्याच्या गावातला असेल. एक दिवसाची रजा काढून, एसटीने येऊन, तो जिल्ह्याच्या ग्रंथालयात बसेल. त्याच्याकडे दोन दिवस नसतील आणि लेखकाची टिपणवहीही नसेल. त्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आता राजवाड्यांच्या नावापुढे खंड आहे, साल आहे, लेखांक आहे. पाच वाजता ग्रंथालय बंद होण्याआधी त्याला ते पत्र वाचता येईल.